इरईचा दगड



चंद्रपुरात, तेही मे महिन्याच्या अखेरीला, बर्फावर बोलायचं म्हणजे थट्टाच वाटते. स्टेशनवरून येताना ऑटोवाल्यानं विचारलं, "सर, भाषण कशावर हाय?" म्हटलं, "दोन्ही ध्रुवांच्या बर्फावर." तो लगेच म्हणाला, "मंग थोडासा संगं आनाचा होता ना!" मी हसलो. पण त्याला सांगायचं राहून गेलं की बर्फ आणायची गरज नव्हती. तो इथे येऊन गेलेला आहे.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला नववीत भूगोल शिकवायचे. त्यांच्या टेबलावर चुनखडकाचा एक चपटा तुकडा असायचा. एका बाजूनं तळहातासारखा गुळगुळीत, आणि त्यावर एकाच दिशेनं गेलेल्या बारीक रेघा. वर्षाच्या पहिल्या तासाला ते तो दगड वर्गात फिरवायचे आणि विचारायचे, "या रेघा कुणी ओढल्या?" कुणी म्हणे नांगरानं, कुणी म्हणे बैलगाडीच्या धावेनं. सगळं ऐकून झालं की सर म्हणायचे, "बर्फानं." वर्ग खो खो हसायचा. हसणाऱ्यांत मीही होतो.

तो दगड इरईचा होता. चंद्रपूरच्या नैऋत्येला इरई गावाजवळ पैनगंगा चुनखडकाचा घासून गुळगुळीत झालेला एक पृष्ठभाग आहे. त्यावर ओरखडे आहेत, आणि वर गोटे, धोंडे, माती यांची सरमिसळ असलेला थर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फेडन यांनी १८७५ साली या जागेविषयी लिहिलं, तेव्हा उष्ण कटिबंधात बर्फाच्या खुणा कशा, असा प्रश्न विद्वानांनाही पडला होता. हिमनदी सरकताना पोटाखाली दगड धरून ठेवते आणि खालचा खडक त्यांनी खरवडत जाते. पाणी असे ओरखडे काढत नाही, वाराही काढत नाही. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, आज जिथे पारा छेचाळीसच्या पुढे जातो त्या मुलखावरून हिमनद्या वाहत होत्या.

कारण तेव्हा हा मुलूख इथे नव्हताच. तो दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका यांना चिकटलेला होता. त्या महाखंडाला जगभरचे भूवैज्ञानिक गोंडवना म्हणतात. चांद्याच्या गोंड राजांचा परकोट बघत वाढलेल्या माणसांना ते नाव कुठून गेलं हे सांगायला नको. पुढे बर्फ ओसरला, दलदली माजल्या, त्यांत जिभेच्या आकाराच्या पानांची झाडं वाढली. त्यांचं नाव ग्लोसोप्टेरिस. ती झाडं गाडली गेली, दबली आणि त्यांचा कोळसा झाला. वर्धा खोऱ्यातल्या खाणींत कोळशासोबत जो पाटीसारखा दगड निघतो, त्यात या पानांचे ठसे सापडतात.

हेच पान आणखी एका ठिकाणी सापडलं. १९१२ च्या फेब्रुवारीत कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवावरून हरलेल्या मनानं परतत होते. बियर्डमोर हिमनदीच्या कडेला त्यांनी दगड गोळा केले. नोव्हेंबरात शोधपथकाला त्यांचा तंबू सापडला, तेव्हा मृतदेहांबरोबर सुमारे सोळा किलो दगड होते. भुकेनं आणि थंडीनं मरत असताना त्या माणसांनी ते ओझं टाकलं नव्हतं. त्या दगडांत ग्लोसोप्टेरिसचे ठसे होते. बर्फाच्या खंडावर एके काळी जंगल होतं, आणि ते जंगल आपल्या चंद्रपूरच्या जंगलाचं सख्खं भावंड होतं.

हे सगळं सांगितलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "म्हणजे हवामान पूर्वीही बदलतच होतं की! मग आता एवढा गवगवा कशाला?" चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, अगदी शिकल्यासवरल्या घरांत मी हे वाक्य ऐकलं आहे. आजचं माझं व्याख्यान या एका वाक्यावर आहे. हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणणार नाही. ते शंभर टक्के खरं आहे. फक्त ते बोलून आपण थांबतो. पूर्वी बदलत होतं तर किती बदलत होतं, कशानं बदलत होतं आणि किती वेगानं, हे विचारायच्या आधीच आपण सुपारी तोंडात टाकतो. ध्रुवांवरचा बर्फ नेमकं तेवढंच सांगतो.

तीस कोटी वर्षांची गोष्ट इथे बाजूला ठेवू. त्या वेळी भूखंडच हलत होते. आपल्या कामाची आहे ती अलीकडची, गेल्या काही लाख वर्षांची. या काळात खंड जवळजवळ आजच्याच जागी होते, सूर्यही हाच होता. तरीही उत्तर अमेरिका आणि युरोपच्या मोठ्या भागावर दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ चढला आणि उतरला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. हे कशानं?

या प्रश्नाला पहिलं मोठं उत्तर दिलं ते ग्लासगोच्या एका कॉलेजातल्या राखणदारानं. जेम्स क्रॉल त्याचं नाव. शाळा अर्धवट सुटलेली. १८५९ मध्ये त्याला ही नोकरी लागली आणि तिच्याबरोबर कॉलेजचं ग्रंथालय हाताशी आलं. पृथ्वीची कक्षा कधी जवळजवळ वर्तुळ असते, कधी थोडी लांबट होते. त्यात अयनचलनाची, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या भोवऱ्यासारख्या सावकाश डोलण्याची, भर पडली की ऋतूंना मिळणारं ऊन बदलतं, आणि बर्फ साठू लागला की तो स्वतःच ऊन परतवून थंडी वाढवतो, असं क्रॉलनं मांडलं. त्याच्या हिशोबानं शेवटचं हिमयुग ८० हजार वर्षांपूर्वी संपलं होतं.

आता महाराष्ट्रात ध्रुवाचा विषय निघाला की लोकमान्य आठवणारच. टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन'मध्ये याच अयनचलनाच्या आधारे, वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या उल्लेखांवरून, वेदांचा काळ काढला होता. १९०३ मध्ये 'आर्क्टिक होम इन द वेदाज' आलं. आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं, हा त्यातला सिद्धान्त अभ्यासकांनी पुढे स्वीकारला नाही. पण पुस्तकाच्या सुरुवातीला हिमयुगावर एक प्रकरण आहे आणि त्यात टिळक एखाद्या न्यायाधीशासारखे क्रॉलचे ८० हजार आणि अमेरिकन भूवैज्ञानिकांचे सुमारे दहा हजार, असे दोन्ही पक्ष तपासतात. कौल देतात अमेरिकनांच्या बाजूनं. आज आपल्याला माहीत असलेला आकडा आहे ११ हजार ७०० वर्षं. तारखेच्या बाबतीत पुण्यात बसलेल्या गणितज्ञाचा अंदाज बरोबर निघाला.

चुकलं ते दुसरीकडे. टिळकांच्या मांडणीत त्या सुमारास बर्फ आला आणि त्यानं ध्रुवाजवळची उबदार मायभूमी उद्ध्वस्त केली. प्रत्यक्षात त्या सुमारास बर्फ निघून जात होता. त्याआधीची जवळपास लाखभर वर्षं उत्तरेकडे कडाक्याची थंडी होती, आणि तिच्याआधीचा उबदार काळ सव्वा लाख वर्षांपूर्वीचा. इथे बुद्धी कमी पडली नव्हती, कमी पडला तो पुरावा. आपल्या इतिहास संशोधकांच्या भाषेत बोलायचं तर अस्सल कागद हाती नव्हता. तो कागद तेव्हा ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या पोटात पडून होता आणि तो वाचता येतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

हे दप्तर उघडायला सुरुवात झाली ती एका खड्ड्यानं. खंड सरकतात हे सांगणारा आल्फ्रेड वेगेनर १९३० मध्ये ग्रीनलंडवर मोहीम घेऊन गेला. बेटाच्या मधोमध बर्फावर त्यानं एक ठाणं वसवलं होतं. तिथे रसद पोचवून परतताना नोव्हेंबरात तो वारला. पन्नाशी गाठून काही दिवसच झाले होते. त्याचा देह आजही त्या बर्फातच आहे. ठाण्यावर मागे राहिलेल्यांत एर्न्स्ट झोर्गं होता. त्या हिवाळ्यात त्यानं बर्फात पंधरा मीटर खोल खड्डा खणला आणि भिंतीवरचे थर मोजले. उन्हाळ्याचा थर वेगळा, हिवाळ्याचा वेगळा. वर्षामागून वर्ष, एखाद्या वहीच्या पानांसारखं एकावर एक.

पानं आहेत हे कळलं, अक्षरं वाचायची होती. ती युक्ती सापडली बियरच्या बाटलीत. १९५२ च्या जूनमध्ये कोपनहेगनला पाऊस पडत होता आणि विली डान्सगार्ड या शास्त्रज्ञानं अंगणात बियरची रिकामी बाटली, तिच्यावर नरसाळं, असं ठेवून पावसाचं पाणी जमवलं. पाण्याच्या रेणूंत काही हलके असतात, काही ऑक्सिजनच्या जड अणूमुळे किंचित जड. ढग जसजसा थंड होत जातो तसतसे जड रेणू आधी गळून पडतात, मागे हलके उरतात. म्हणजे हिमात जड ऑक्सिजन किती आहे हे मोजलं की ते हिम पडलं तेव्हा किती थंडी होती हे कळतं. झाला थर्मामीटर! तोही असा, की माणूस थर्मामीटर बनवायच्या लाखो वर्षं आधीचा पारा दाखवणारा.

तिसरी गोष्ट हवेची. १९६५ मध्ये अंटार्क्टिकात क्लोद लोरियस या फ्रेंच शास्त्रज्ञानं एका संध्याकाळी व्हिस्कीच्या ग्लासात खोलवरून काढलेल्या बर्फाचा तुकडा टाकला. बर्फ वितळताना त्यातून बुडबुडे फुटू लागले, आणि त्याच्या लक्षात आलं की ही जुनी हवा आहे. हिम पडतं तेव्हा ते भुसभुशीत असतं, कणांमध्ये हवा खेळत असते. वरून नवं हिम पडत राहतं, खालचं दबतं, आणि साधारण साठ ते शंभर मीटर खोलीवर छिद्रं मिटून हवेच्या बारीक कुप्या बनतात. एकदा बूच बसलं की बसलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी मला तिच्याकडे परत यायचं आहे.

मग सुरू झालं खोदकाम. अंटार्क्टिकातल्या रशियाच्या व्होस्तोक ठाण्यावर, जिथे २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंशांची नोंद झाली, तिथे सोव्हिएत खोदकऱ्यांनी वर्षानुवर्षं बर्फाचे दंडगोल वर काढले. शीतयुद्ध ऐन भरात असताना ते दंडगोल अमेरिकन विमानांतून फ्रान्सच्या प्रयोगशाळांत गेले. १९९९ मध्ये त्यातून चार लाख वीस हजार वर्षांची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे युरोपीय देशांच्या 'एपिका' प्रकल्पानं डोम सी या जागेवरून आठ लाख वर्षांपर्यंत मजल मारली. त्यांच्याच पुढच्या प्रकल्पानं २०२५ च्या जानेवारीत जाहीर केलं की २,८०० मीटर खोलीवरून बारा लाख वर्षांपूर्वीचा बर्फ हाती आला आहे.

या कामात आपणही आहोत. ६ डिसेंबर १९८१ रोजी सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्यातून निघाली. तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया. आज वास्कोला, समुद्रासमोरच्या टेकडीवर, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर आंबे-फणस पिकत असतात आणि आत उणे वीस अंशांच्या खोलीत जाड कोट घातलेली मुलंमुली अंटार्क्टिकाचा बर्फ करवतीनं कापत असतात.

आता या दप्तरात लिहिलंय काय? मला त्यातल्या तीन नोंदी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली नोंद. धक्का लहान, परिणाम मोठा. क्रॉलचं अर्धवट राहिलेलं गणित सर्बियाच्या मिलुटिन मिलांकोविचनं तीसेक वर्षं हातानं आकडेमोड करून तडीस नेलं. कक्षेचा आकार सुमारे लाख वर्षांच्या फेऱ्यात बदलतो, अक्षाचा कल ४१ हजार वर्षांच्या आणि अयनचलन वीसेक हजार वर्षांच्या. हिवाळ्यात बर्फ पडतोच; प्रश्न असतो तो उन्हाळ्यात वितळतो की नाही, हा. उत्तरेकडचा उन्हाळा जरा थंड झाला की बर्फ शिल्लक राहतो आणि साठत जातो. पण गंमत बघा, या फेऱ्यांनी पृथ्वीला वर्षभरात मिळणारं एकूण ऊन जवळजवळ बदलत नाही. फक्त त्याची वाटणी बदलते. तेवढ्यावर पृथ्वीचं सरासरी तापमान पाच-सहा अंशांनी खालीवर झालं, अंटार्क्टिकात आठ-दहा अंशांनी, आणि समुद्र १२० मीटर खाली गेला. मुंबईचा किनारा तेव्हा कितीतरी दूर पश्चिमेला होता.

एवढ्याशा धक्क्यानं एवढं कसं झालं? इथे मला सावकारी आठवते. मुद्दल लहान होती, चक्रवाढ व्याज मोठं होतं. पहिलं व्याज बर्फाचं. उन्हाळा आला की आपण गच्चीला चुना मारतो, कारण पांढरं ऊन परतवतं. ताजं हिम अंगावर पडलेल्या उन्हातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त परत पाठवतं, आणि उघडा समुद्र नव्वद टक्क्यांहून जास्त पिऊन टाकतो. म्हणजे बर्फ गेला की गच्चीवरचा चुनाच धुऊन गेला. दुसरं व्याज कार्बन डायऑक्साइडचं. समुद्र उबदार झाला आणि त्याचे प्रवाह बदलले की त्यात मुरलेला हा वायू हवेत येतो आणि ऊब आणखी वाढवतो.

इथे जाणकार माणूस बोट ठेवतो. "अंटार्क्टिकाच्या बर्फात आधी तापमान वाढलेलं दिसतं आणि कार्बन डायऑक्साइड मागून. मग दोष त्याचा कसा?" आक्षेप रास्त आहे. पूर्वी मुद्दल उन्हाची होती आणि कार्बन डायऑक्साइड व्याज म्हणून मागून येत होता. अंटार्क्टिका थोडा आधी तापू लागला. बाकीचं जग मात्र बहुतांशी कार्बन डायऑक्साइड वाढल्यानंतर तापलं. आज त्याच वायूची मुद्दल आपण स्वतः टाकतो आहोत. सावकाराला मुद्दल कुठून आली याच्याशी देणंघेणं नसतं. व्याज त्याच दरानं चढतं.

दुसरी नोंद. बदल नेहमीच संथ नसतो. ग्रीनलंडच्या बर्फात दिसतं की शेवटच्या हिमयुगात वीसपेक्षा जास्त वेळा तिथलं तापमान काही दशकांत आठ-दहा अंशांनी, कधी त्याहून जास्त वर उसळलं आणि मग हळूहळू खाली आलं. हिमयुग संपतानाची शेवटची उसळी तर एका माणसाच्या हयातीत मावेल इतकी झटपट होती. अटलांटिकमधला, उष्णता उत्तरेकडे वाहून नेणारा प्रवाह मंदावणं आणि पुन्हा सुरू होणं, हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं. ही दूरची भांडणं आपल्या दाराशी येतात. ग्रीनलंड गारठलेला असताना मान्सून दुबळा होता, असं अरबी समुद्राच्या तळाचा गाळ सांगतो आणि चीनमधल्या गुहांतले लवणस्तंभही सांगतात. ज्यांचं वर्ष मृगाच्या पावसावर उभं राहतं किंवा कोसळतं, त्या आपल्यासारख्यांना ही नोंद विसरून चालणार नाही.

तिसरी नोंद आकड्यांची आहे आणि ती सगळ्यांत साधी. आठ लाख वर्षांत हवेच्या दहा लाख भागांमागे कार्बन डायऑक्साइडचे भाग हिमयुगात १८० च्या आसपास आणि उबदार काळात २८० च्या आसपास राहिले. तीनशेच्या वर ते टिकले नाहीत. आज ते ४२० च्या पुढे आहेत. वेग बघा. शेवटचं हिमयुग संपताना ऐंशीएक भागांची वाढ व्हायला सुमारे सात हजार वर्षं लागली. १९५८ मध्ये हवाई बेटांवर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा आकडा ३१५ होता. म्हणजे सत्तर वर्षांच्या आत शंभराहून जास्त.

आता 'पूर्वीही बदलत होतं' या वाक्याकडे परत येऊ. ते वाक्य आपण धीर द्यायला वापरतो. जणू पृथ्वी जुनी, अनुभवी, सोसून घेणारी आजी आहे. दप्तर वाचल्यावर मला तसं वाटत नाही. ते सांगतं की हे घड्याळ फार नाजूक आहे. वाटणीतल्या जराशा फरकानं ते एवढं हलत होतं. ज्या घरात कुजबुजही सगळ्यांना ऐकू जाते, तिथे आपण ढोल वाजवायला घेतला आहे. पूर्वी बदलत होतं, हे निश्चिंत राहण्याचं कारण नाही. घाबरण्याचं खरं कारण तेच आहे.

याला एक पुरावा चिखलातून आला. १९६६ मध्ये ग्रीनलंडच्या वायव्येला, बर्फाखाली बांधलेल्या कॅम्प सेंच्युरी या अमेरिकी लष्करी तळावर, शास्त्रज्ञ बर्फातून जवळजवळ चौदाशे मीटर खोदत तळाला पोचले. बर्फावर डान्सगार्डचं प्रसिद्ध संशोधन झालं. तळाची गोठलेली माती मात्र शीतपेट्यांत पडून राहिली आणि विस्मरणात गेली. अर्ध्या शतकानंतर कोपनहेगनमध्ये त्या बरण्या पुन्हा सापडल्या. उघडल्या तर मातीत काटक्या आणि पानं. २०२३ मध्ये तिचा काळ निघाला, सुमारे चार लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे तेव्हा त्या जागी बर्फ नव्हता. आणि तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड होता २८० च्या आसपास! आजच्याहून कितीतरी कमी वायू असताना, पुरेसा वेळ मिळाल्यावर, ग्रीनलंडचा एक मोठा तुकडा वितळला होता.

आज तिथे काय चाललं आहे, ते थोडक्यात सांगतो, कारण ते वर्तमानपत्रांत येतं. आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापलं आहे. उन्हाळ्याच्या शेवटी उरणारा समुद्री बर्फ १९८० च्या दशकात सत्तर लाख चौरस किलोमीटरच्या आसपास असे. २०१२ च्या सप्टेंबरात तो चौतीस लाखांवर आला. १४ ऑगस्ट २०२१ रोजी ग्रीनलंडच्या माथ्यावर, तीन हजार मीटरहून जास्त उंचीवर, पाऊस पडल्याची पहिलीच नोंद झाली. हिम नव्हे, पाऊस.

अंटार्क्टिकाची गोष्ट एवढी सरळ नाही, आणि ती सरळ करून सांगणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. आपलं तिथलं पहिलं ठाणं दक्षिण गंगोत्री हिमाखाली गाडलं गेलं म्हणून सोडावं लागलं. तिथे हिम साठत होतं. भोवतालचा समुद्री बर्फ तर २०१४ पर्यंत वाढत होता आणि 'बघा, बघा' म्हणणाऱ्यांना उत्साह आला होता. मग तो घसरला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत उपग्रहांच्या नोंदीतल्या नीचांकावर गेला. २००२ मध्ये लार्सन बी हा बर्फाचा तरंगता कट्टा, सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा, महिन्याभरात विखरून गेला. एका ठिकाणी भर पडते, दुसरीकडे झीज होते. उपग्रह २००२ पासून या बर्फाचं वजन करत आहेत, आणि ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका दोन्हींचा ताळेबंद तोट्याचा आहे.

"पण अंटार्क्टिका कुठे, आम्ही कुठे?" ग्लासातला तरंगता बर्फ वितळला तर पाणी सांडत नाही, समुद्री बर्फाचंही तसंच. जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात आला की मात्र पातळी चढते. ग्रीनलंडचा सगळा बर्फ म्हणजे सात मीटरहून जास्त समुद्र, अंटार्क्टिकाचा म्हणजे सुमारे ५८ मीटर. हे सगळं शंभर वर्षांत होणार नाही, कुणी तसं म्हणतही नाही. पण सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात समुद्र आजच्याहून सहा ते नऊ मीटर उंच होता, आणि तेव्हाची ऊब आपण आज ज्या दिशेनं चाललो आहोत तिच्याहून फार वेगळी नव्हती.

त्यातही एक वाकडी गोष्ट आहे. बर्फाचा एवढा अजस्र डोंगर आपल्या गुरुत्वाकर्षणानं भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. डोंगर झिजला की पकड सैल होते, त्याच्या जवळचा समुद्र खाली जातो आणि ते पाणी दूरच्या किनाऱ्यांकडे सरकतं. पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ गेला तर हिंदी महासागराच्या वाट्याला सरासरीपेक्षा जास्त पाणी येईल. म्हणजे ध्रुवापासून लांब असणं हा बचाव नाही. उलट लांब आहोत म्हणूनच भुर्दंड जास्त.

आणि आपण चंद्रपूरकर? इथे समुद्र येणार नाही. पण चंद्रपूर या गोष्टीत प्रेक्षक कधीच नव्हतं. इथून थोड्या अंतरावर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आहेत. राज्याच्या मोठ्या भागाला वीज इथून जाते, इथल्या हजारो घरांच्या चुली त्यावर पेटतात, आणि धूळ-राखही याच गावाच्या छातीत बसते. मी त्या कामगारांना दोष द्यायला आलेलो नाही. ही सभागृहातली वीजही तिथलीच आहे. मी फक्त त्या कोळशाचा पत्ता सांगतो आहे. तो त्या जिभेच्या आकाराच्या पानांचा आहे. ध्रुवाजवळच्या त्या जंगलानं लाखो वर्षं हवेतून कार्बन घेतला आणि जमिनीत ठेव म्हणून ठेवला. स्कॉटच्या सोबत्यांनी मरताना ज्याचा ठसा सोडला नाही, त्याच पानाची ठेव आपण एका-दोन शतकांत मोडून परत हवेत पाठवतो आहोत, आणि ती हवा त्याच ध्रुवाकडे जाते.

आता त्या कुप्यांकडे येतो. मघाशी म्हटलं होतं, हिम साठ ते शंभर मीटर खोल दबल्यावर हवेला बूच बसतं. तोवर ती हवा छिद्रांतून वरच्या हवेशी मिसळत असते. म्हणजे आज अंटार्क्टिकावर जी हवा आहे, आपल्या चिमण्यांचा अंश घेऊन पोचलेली, ती अजून त्या भुसभुशीत थरांतून सावकाश खाली झिरपते आहे. तिची कुपी बंद व्हायला अजून काही दशकं जातील. आठ लाख वर्षांच्या दप्तरात आपल्या पिढीची नोंद अजून पक्की झालेली नाही. शाई ओली आहे.

आणखी शेकडो वर्षांनी एखादी मुलगी, कदाचित वास्कोच्याच टेकडीवर, तो बर्फ कापेल. आकडा वाचेल. २८० वरून ३१५, ३१५ वरून ४२०, आणि त्याच्यापुढे जे काही लिहिलेलं असेल ते. आमच्या सरांनी विचारलेला प्रश्न ती विचारेल. "ही रेघ कुणी ओढली?" या वेळी उत्तर ऐकून वर्गात कुणी हसणार नाही.